क्लच, गिअर आणि उजवा पाय : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल’ या विषयावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं अशा लोकांची आहेत ज्यांनी हौसेनं, ठरवून, मॅन्युअल गाडी घेतली आहे. कुणी दोन सीटची स्पोर्ट्स कार, कुणी चपळ टर्बो हॅचबॅक. आणि आता क्लचपाशी अडलेत. मी पुण्यात गाडी शिकवते, भावाचं गॅरेज आहे, त्यामुळे शिकणाऱ्याचे पायही रोज दिसतात आणि जळलेल्या क्लच प्लेटही. हा अंक या एकाच विषयाला देते आहे.

प्रश्न : ताई, मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. गाडी इथेच शिकले, त्यामुळे आजवर ऑटोमॅटिकच. यंदा वापरलेली, २०१९ ची माझदा एमएक्स-५ घेतली. सहा गिअरची मॅन्युअल. गाडी जागेवरून उचलणं आता जमतंय, पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दर वेळी हिसका बसतो, शेजारी बसलेल्याची मान हलते. बाबा साताऱ्याहून आलेत, ते सांगतात, ‘क्लच हळू सोड.’ हळू सोडला तर जळका वास येतो. गंमत म्हणजे बाबांनी स्वतः चालवली तर त्यांनाही तिसरा गिअर सापडेना. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी तुझं अभिनंदन. शिकायला यापेक्षा चांगली गाडी मिळणं कठीण. क्लच हलका, गिअरचा दांडा आखूड, वजन कमी, आणि हँडब्रेक अजून हातानं ओढायचा. १९८९ साली ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हापासून तिची ओळखच अशी आहे की ती चालवणाऱ्याला सगळं कळू देते. हिसकासुद्धा.

आता बाबांचं. बाबांचा सल्ला बरोबर आहे, पण तो गाडी जागेवरून उचलतानाचा सल्ला आहे. उभी गाडी हलवताना इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलीत, हा फरक इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लच प्लेटनं घासूनच भरून काढायचा असतो. तिथे हळू सोडण्याला पर्याय नाही. गिअर बदलताना मात्र गाडी आधीच पळते आहे. तिथे इंजिनाचा वेग आणि पुढच्या गिअरला हवा असलेला वेग जुळला असेल, तर क्लच पटकन सोडला तरी काही जाणवत नाही. जुळला नसेल, तर हळू सोडून तू तो फरक फक्त प्लेटवर ढकलतेस. वास त्याचाच.

क्लच डाव्या पायाखाली असतो म्हणून सगळे डाव्या पायाला दोष देतात. मी शिकवताना उजव्या पायाकडे बघते. हिसका जवळजवळ नेहमी तिथून येतो.

तुझ्या गाडीचे आकडेच बघ. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दोन लिटरच्या मॅन्युअल एमएक्स-५ मध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण ५.०९ आहे (म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाचे ५.०९ फेरे), दुसऱ्याचं २.९९, तिसऱ्याचं २.०४, चौथ्याचं १.५९, पाचव्याचं १.२९ आणि सहाव्याचं बरोबर १. म्हणजे पहिल्यात ३,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असताना दुसरा टाकलास, तर त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे १,७५० वर हवं. चाळीस टक्क्यांहून जास्त घसरण! दुसऱ्यातून तिसऱ्यात हीच घसरण साधारण बत्तीस टक्के, आणि तिसऱ्यातून चौथ्यात बावीस. म्हणून हिसका तुला नेमका पहिल्या-दुसऱ्यातच बसतो आणि तिसऱ्या-चौथ्यात कळतही नाही. तुझं कौशल्य तिसऱ्या गिअरला अचानक वाढत नाही. तिथे भरून काढायचं अंतरच कमी असतं.

मान कुठे जाते ते सांग. तुझ्या पत्रात एवढंच राहून गेलंय, आणि निदान त्यावरच होतं. क्लच सोडल्यावर शेजाऱ्याचं डोकं मागे सीटकडे गेलं, तर इंजिन जास्त फिरत होतं, म्हणजे तू घाई केलीस. डोकं पुढे गेलं, तर इंजिन फार खाली पडलं होतं, म्हणजे उशीर झाला. नव्या शिकणाऱ्यांत दुसरा प्रकार जास्त. रेसवरून पाय पूर्ण उचलायचा, मग दांडा चाचपडत बसायचं, तोवर आरपीएमचा काटा आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं त्या वेगाला, येऊन टेकतो, आणि मग क्लच सोडला की गाडी नाक खाली घालते.

रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या, सपाट पार्किंगमध्ये जा. पहिली गोष्ट, रेसला पाय न लावता गाडी हलव. पहिला गिअर, आणि क्लच इतका सावकाश वर की इंजिनाचा आवाज किंचित जड होईल. तिथे पाय धर. गाडी सरपटायला लागेल. पुन्हा दाब, थांब, पुन्हा. क्लच कुठे पकडतो ते पायाला पाठ व्हायला हवं, कारण प्रत्येक गाडीत ती जागा वेगळी असते. सीट अशी लाव की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. उंची कमी असलेल्या मुली सीट मागे ठेवून अंगठ्यानं क्लच दाबतात. त्यात पायाचा ताबाच राहत नाही.

मग पहिला-दुसरा. पहिल्यात ३,००० पर्यंत जा, ताशी पंधरा मैलांच्या आसपास असशील. एकदम तीन गोष्टी : रेस सोड, क्लच तळापर्यंत, दांडा सरळ मागे. आता थांब. हे थांबणं कुणी शिकवत नाही. काटा ३,००० वरून खाली येतोय, त्याच्याकडे कान ठेव. तो १,८०० च्या जवळून जाताना क्लच सोड, आणि क्लच पकडतो त्याच क्षणी उजव्या पायानं रेस हलकीच उचलून धर. सुरुवातीला काट्याकडे बघ, पण लवकरच बघणं बंद कर. रस्त्यावर डोळे काट्यावर नकोत, आणि आवाज पुरेसा आहे. नव्या पेट्रोल इंजिनांत रेस सोडल्यावरही आरपीएम क्षणभर वर लटकतात, लगेच पडत नाहीत. तो क्षण खराब नसतो, गाडीच तशी असते. त्याची सवय करून घ्यायची.

आता खाली येणं, तिसऱ्यातून दुसऱ्यात. इथेच उजव्या पायाचं खरं काम. तुझ्या गाडीची चाकं १७ इंची असतील, तर तिसऱ्यात ३,००० म्हणजे ताशी साठ किलोमीटर, तुमच्याकडचे सदतीस मैल. तोच वेग दुसऱ्यात ४,४०० मागतो. म्हणजे क्लच दाबून दांडा दुसऱ्यात आणायचा आणि क्लच सोडायच्या आधी रेसला एक झटका द्यायचा, काटा ४,४०० च्या आसपास उडेल एवढा. मग क्लच पटकन सोड. जुळलं तर गाडीला कळणारही नाही. झटका कमी पडला तर नाक खाली जाईल. जास्त झाला तर गाडी पुढे उसळेल. पायाला अंदाज यायला वेळ लागतो, पण एकदा आला की तो जात नाही.

हे मी हौसेसाठी सांगत नाहीये. तुझ्या गाडीला मागची चाकं ओढतात. ओल्या वळणावर दुसरा गिअर टाकून क्लच तसाच सोडून दिलास, तर इंजिनाचा सगळा ओढा एकदम मागच्या चाकांवर येतो, जणू कुणी फक्त मागचा ब्रेक दाबला. मागची बाजू बाहेर पडू शकते. तुमच्याकडे स्कायलाइन बुलेव्हार्डला झाडांखाली धुकं टपकून रस्ता सकाळी ओला असतो, तिथे जाण्याआधी हे पक्कं कर. आणि गिअर नेहमी वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

बाबांना तिसरा का सापडेना, तेही सांगते. गिअरचा नकाशा भारतात आणि अमेरिकेत एकच आहे, पहिला डावीकडे वर. पण आपल्याकडे दांडा डाव्या हाताला, म्हणजे पहिला-दुसरा आपल्यापासून लांब आणि पाचवा-सहावा अंगाजवळ. तिकडे दांडा उजव्या हाताला, म्हणजे पहिला-दुसरा अंगाजवळ. आयुष्यभर साताऱ्याच्या रस्त्यांवर चालवलेला हात दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडा किंचित अंगाकडे ओढतो. भारतात त्यानं फार तर पाचवा पडतो आणि गाडी नुसती मरगळते. तिकडे तो पहिल्याकडे जातो. गिअरबॉक्स विरोध करत असणार, आणि बाबांनी जोर लावला नाही हे फार बरं केलं.

म्हणून दांडा मुठीत आवळायचा नाही. न्यूट्रलमध्ये सोडला की स्प्रिंगमुळे तो आपोआप मधल्या पट्टीत, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत, येतो. तिसरा-चौथा टाकताना उघड्या तळव्यानं फक्त पुढे किंवा मागे. बाजूला ढकलायचं कामच नाही. पहिला-दुसरा हवा असेल तर तळवा दांड्याच्या पलीकडून लावून अंगाकडे. पाचवा-सहावा हवा तर अंगाकडच्या बाजूनं तळवा लावून पलीकडे. बाबांना दोन मिनिटं बंद गाडीत एवढंच करायला लाव.

हे इतकं खोलात का, तर एक हिशेब बघ. तिसऱ्यात ६,५०० ला आहेस, चौथा टाकायचाय, आणि घाईत दांडा अंगाकडे ओढून दुसरा पडला. क्लच सोडल्याबरोबर चाकं इंजिनाला ९,५०० च्या वर फिरवतील. २०१९ पासून तुझ्या इंजिनाची लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा, ७,५०० ला आहे. कॉम्प्युटर पेट्रोल बंद करू शकतो, पण चाकांनी फिरवलेलं इंजिन थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात आणि एका सेकंदात इंजिन संपू शकतं. सहा हजारांच्या वर गिअर बदलायची घाई करायची नाही. हातात वेग नको, ताल हवा.

सॅन फ्रान्सिस्कोला जाणारच असशील. फिल्बर्ट स्ट्रीटसारखे एकतीस टक्के चढ शिकाऊपणी टाळ. साध्या चढावर हँडब्रेक ओढून ठेव, रेस थोडी जास्त, क्लच पकडायला लागला की गाडीची शेपटी किंचित बसते, तेव्हा हँडब्रेक सोड. पार्क करताना गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकं फुटपाथच्या कडेला वळवून ठेवायची. उतारावर चाकं अशी वळवणं त्या शहरात कायद्यानंही लागतं.

प्रश्न : नाशिकला असतो. ह्युंदाई आय-२० एन लाइन, मॅन्युअल घेतली. ऑफिसला जाताना द्वारका चौकात रोज अडकतो. क्लचचा वास येतो, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की प्लेट वेळेआधीच झिजली. कंपनीचा दोष आहे का?

उत्तर : गाडी न बघता दोष कुणाचा ते मी सांगणार नाही. पण तुमच्या रस्त्याचं वर्णन वाचून एक अंदाज आहे, तो स्वतःच तपासा.

ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी दोन फूट सरकली की तुम्ही दोन फूट सरकता का? आणि मधल्या वेळात क्लच अर्धा धरून गाडी चढावर तोलून ठेवता का? असं करत असाल तर प्लेट तुम्हीच झिजवताय. क्लच दोनच ठिकाणी सुखी असतो : पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण सोडलेला. मधली जागा ही ये-जा करायची वाट आहे, तिथे मुक्काम नको.

तुमच्या इंजिनाची एक खोड आहे. एक लिटरचं टर्बो, त्याचा १७२ न्यूटन मीटरचा पूर्ण जोर १,५०० आरपीएमपासून मिळतो. त्याखाली ते तितकं ओढत नाही. म्हणून चौकात गाडी हळू झाली की लोक दुसऱ्या गिअरमध्येच राहतात आणि क्लच अर्धा दाबून ओढ काढतात. तिथेच प्लेट जळते. सरळ पहिला टाका. पहिल्यात, क्लच पूर्ण सोडून, आयडलवर गाडी सरपटू द्या. पुढच्या गाडीशी अंतर ठेवा. रिक्षा मध्ये घुसेल, घुसू द्या.

सिग्नल लांबला तर न्यूट्रल करा आणि डावा पाय क्लचवरून काढून बाजूच्या फूटरेस्टवर ठेवा. क्लच दाबून थांबलात तर प्लेट जळत नाही, हे खरं, पण पेडलचा दाब फिरत्या क्लचपर्यंत पोचवणारं रिलीज बेअरिंग पूर्ण वेळ दाबाखाली फिरत राहतं. पुढे त्याचाच किरकिर आवाज येतो, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. चालवतानाही पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवू नका. पायाच्या वजनानंही क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड सैल होते.

प्लेट खरंच संपत आलीय का, हे रिकाम्या रस्त्यावर कळतं. चौथ्यात ताशी पन्नासच्या आसपास जा आणि रेस पूर्ण दाबा. आरपीएम सर्रकन वर गेले आणि गाडीनं तेवढा वेग घेतला नाही, तर क्लच स्लिप होतोय. ही चाचणी एकदाच करा, वारंवार नको. आणि कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे उभं राहावं लागलं की हँडब्रेक लावा. क्लचवर गाडी तोलू नका.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. बाबांची फोक्सवॅगन व्हर्टस, १.५ मॅन्युअल चालवतो. हील अँड टो शिकायचंय. ताम्हिणीला सराव केला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. ताम्हिणीत वळणापलीकडे पर्यटक रस्त्यावर उभे राहून धबधब्याचे फोटो काढत असतात, आणि तू पायाच्या कसरतीत गुंतलेला असशील. हे मी तुझ्या आईच्या वयाची बाई म्हणून म्हणत नाही. मी शिकवते म्हणून सांगते : नवं तंत्र शिकताना लक्ष पायात असतं, रस्त्यावर नसतं.

हील अँड टो म्हणजे उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर, आणि त्याच पायाची उजवी कड रेसवर टेकवून गिअर खाली आणताना झटका द्यायचा. नावात टाच आहे, पण बहुतेक गाड्यांत टाच लागतच नाही, पायाची कड पुरते. गरज कशासाठी? ट्रॅकवर वळणाआधी जोरात ब्रेक लागतो आणि त्याच वेळी गिअरही खाली आणायचा असतो. उजवा पाय ब्रेकवरून काढता येत नाही, म्हणून एकाच पायानं दोन कामं. रोजच्या रस्त्यावर घाईच नसते. तिथे आधी ब्रेकनं वेग कमी करायचा, मग ब्रेक सोडून, वर फ्रीमाँटच्या ताईला सांगितला तसा झटका देऊन गिअर खाली आणायचा. आधी हे एक वर्ष मुरू दे.

अजून एक तांत्रिक गोष्ट. बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबली गेली तर कॉम्प्युटर सुरक्षेसाठी रेस कापतो. तसं असेल तर कितीही सराव केलास तरी झटका बसणारच नाही, आणि तुला वाटेल पाय चुकतोय. मोकळ्या जागी, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून, ब्रेक दाबून रेस देऊन बघ. उभ्या गाडीत चाललं म्हणजे पळत्या गाडीतही चालेलच असं नाही, पण उभ्या गाडीतच चाललं नाही तर उत्तर मिळालं.

पायाची जागा बंद गाडीत, पार्किंगमध्ये पक्की कर. ब्रेकवरचा दाब बदलता कामा नये. हीच सगळ्यात अवघड गोष्ट. बहुतेकांचा पाय झटका देताना ब्रेकवर जास्त दाबला जातो आणि गाडी डुचकळते. पातळ तळाचे बूट घाल. जाड सोलच्या स्पोर्ट्स शूजमधून काहीच कळत नाही, आणि चपलेत तर मी कुणाला क्लचलाही हात लावू देत नाही. आवड टिकली तर पैसे साठव आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेला ट्रॅकवर जा. शिकवणारा शेजारी बसलेला असताना, समोरून गाडी येणार नाही अशा रस्त्यावर, एका दिवसात जेवढं शिकशील तेवढं घाटात वर्षभरात शिकणार नाहीस.

काही गाड्यांत हा झटका गाडी स्वतः देते. निसाननं २००९ च्या ३७०-झेडमध्ये ही सोय पहिल्यांदा दिली, आता ती बऱ्याच मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये असते. ती असली तरी शिकताना बंद ठेवावी, असं माझं मत आहे.

प्रश्न : कऱ्हाडहून लिहितो. एसटीत ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. आमच्या काळी डबल क्लच केल्याशिवाय गिअर पडत नसे. नातवाची नवी गाडी पाहिली, तो एकदाच क्लच दाबतो आणि गिअर लोण्यासारखा पडतो. मग आम्ही जे शिकलो ते वाया गेलं म्हणायचं का?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी भावाला आणि गॅरेजमधल्या मुलांना वाचून दाखवलं.

तुम्ही चालवलेल्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये वेग जुळवायची सोय नसायची. गिअर खाली आणायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. मधल्या त्या रेसनं तुम्ही गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचा वेग वाढवून चाकांशी जुळवत होता. नाही जुळला तर दाते कर्रकन बोलायचे आणि मागच्या सीटवरचा प्रवासी जागा व्हायचा. नव्या गाडीत हे काम सिंक्रोमेश करतं. प्रत्येक गिअरला एक पितळी कडं असतं. दांडा सरकवला की ते आधी गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून त्याचा वेग जुळवतं आणि मगच दात्यांना आत जाऊ देतं. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं ते पहिल्यांदा बाजारात आणलं. नातवाच्या गाडीत सगळ्याच पुढच्या गिअरला ते आहे.

पण सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवतं, इंजिनाचा नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांतला फरक अजूनही चालवणाऱ्यालाच भरून काढायचा असतो. तुम्ही आवाजावरून जो वेग ओळखायचात, तीच गोष्ट मी या अंकात बाकी सगळ्यांना आकड्यांनी समजावतेय. नातवाला शेजारी बसवा आणि गिअर कानानं टाकायला शिकवा. काट्यावर रुमाल टाका, तुम्ही ओळखाल कुठे सोडायचा ते.

डबल क्लच अगदीच गेलेला नाही. थंडीत गाडी रात्रभर बाहेर उभी असेल तर गिअर ऑइल घट्ट होतं, आणि पहिले काही मिनिटं दुसरा गिअर आडमुठेपणा करतो. छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये हे सर्रास दिसतं. तिथे दांड्यावर जोर लावला तर ते पितळी कडं झिजतं. तुमच्यासारखा डबल क्लच केला तर गिअर अलगद पडतो. फ्रीमाँटच्या वाचक ताईनंही हे टिपून ठेवावं.

प्रश्न : एक हात कायम गिअरच्या दांड्यावर ठेवायची सवय आहे. बायको म्हणते वाईट. खरं काय?

उत्तर : त्यांचं खरं. दांड्याचं दुसरं टोक गिअरबॉक्समधल्या फोर्कला, म्हणजे काट्यासारख्या दुव्याला, ढकलत असतं, आणि तो फोर्क गिअर जोडणाऱ्या फिरत्या कड्याला, स्लीव्हला, टेकतो. त्याला क्षणभर टेकण्यासाठी बनवलंय, तासभर घासत बसण्यासाठी नाही. शिवाय अचानक काही आडवं आलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

प्रश्न : म्हापशाला राहतो. आमच्याकडे वडिलांनी जपलेली सॅन स्टॉर्म आहे, गोव्यातच बनलेली दोन सीटची. पावसाळाभर झाकून ठेवली होती. आता इंजिन सुरू होतं, पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, नुसता खरखरतो. क्लच गेला का?

उत्तर : गेला असेलच असं नाही. आणि तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. फायबरची बॉडी आणि १.२ लिटरचं रेनॉचं इंजिन असलेली ही गाडी गोव्यात तयार झाली, हेच आता कित्येकांना माहीत नाही. ती चालती ठेवणारी माणसं फार थोडी आहेत.

कोकणात आणि गोव्यात हा प्रकार मी बऱ्याचदा ऐकला आहे. पावसाळ्यात दमट हवेत गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीच्या, लोखंडी पृष्ठभागावर गंज चढतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटते. मग पेडल दाबून प्रेशर प्लेट मागे हटली तरी क्लच प्लेट सुटत नाही, ती इंजिनाबरोबर फिरतच राहते आणि गिअर पडत नाही. आधी क्लचची केबल किंवा तेल, जे असेल ते, मेकॅनिककडून तपासून घ्या, कारण तिथे दोष असला तरी लक्षण हेच असतं.

तो दोष नसेल तर इंजिन सुरू करून चांगलं पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या. उष्णतेनं चिकटलेलं कधी कधी आपोआप सुटतं. नाही सुटलं तर इंजिन बंद करा, गाडी मोकळ्या, सपाट, लांब जागी न्या, समोर कुणी नको. दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि तसाच स्टार्टर मारा. गाडी लगेच चालायला लागेल, घाबरू नका, पाय ब्रेकजवळ असू द्या. क्लच दाबलेलाच ठेवून थोडी रेस द्या, सोडा, हलका ब्रेक लावा, पुन्हा रेस. त्या उलटसुलट ताणानं प्लेट बहुतेक वेळा सुटते, आणि सुटली की पायाला लगेच कळतं. दोन-तीनदा करून सुटली नाही तर हट्ट करू नका. गिअरबॉक्स उतरवून प्लेट आणि फ्लायव्हील साफ करून घ्या. जुन्या गाडीच्या दात्यांवर त्याहून जास्त ताण देण्यात अर्थ नाही.

पुढच्या पावसाळ्यात झाकण घालून विसरू नका. आठवड्यातून एकदा, पाऊस उघडल्यावर, दहा-बारा किलोमीटर चालवा आणि प्रत्येक गिअर दोन-चारदा टाका.